मांडवाच्या खांबातलं पाणी

ताप उतरला होता आणि सून थंड पडत होती.

सकाळी मी वैशालीच्या कपाळाला हात लावला तर कपाळ गार लागलं. मला वाटलं, सुटलो. मनोजला, माझ्या मुलाला, मीच म्हटलं की आज कामावर जा, आता काही नाही. तो गेला. मी तांदळाची पेज करायला चुलीपाशी बसले. पेज घेऊन आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सातवा महिना लागलेला, गुडघे पोटाशी घेता येत नव्हते, तरी घ्यायला बघत होती.

"काय होते व?"

"पोट दुखून राह्यलं, माय."

"कळा आहेत?"

"नाई. वर दुखते. इथी." तिनं बरगडीखाली हात ठेवला. मग उठून बसली आणि ओकली. तोंड पुसलं तर पदराला रक्त लागलं. हिरड्यांतून येत होतं.

मी तिचे हात धरले. भादव्याचा उकाडा, डोक्यावर पत्रे, आणि तिचे तळहात विहिरीतून वर काढलेल्या दोरासारखे गार आणि ओले. मी विचारलं, "पोर हलते का पोटात?"

तिनं पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "सकाळपासून मले ध्यानच नाई."

पेज मी तिथंच जमिनीवर ठेवली आणि शेजारच्या नजमाभाभीला हाक मारली. भाभीच्या घरचा फोन चांगला लागतो. तिनं अँब्युलन्स बोलावली, मनोजला फाट्यावरून परत बोलावलं, आणि माझ्या हातात एक चादर आणि पाण्याची बाटली कोंबली. मला काही सुचत नव्हतं. चप्पल घालायचीही राहिली.

आमचं गाव जंगलाला लागून आहे. चंद्रपूरला जायचा रस्ता जंगलातून जातो. अर्ध्या वाटेत पर्यटकांच्या जिप्सी गाड्या आडव्या उभ्या. लोक उभे राहून फोटो काढत होते. रस्त्याच्या कडेला वाघीण बसली होती म्हणे. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला तर एक टोपीवाला आम्हालाच हात करून गप्प बसा म्हणाला.

ड्रायव्हर खाली उतरला. "ओ साहेब, वाघीण उद्या बी दिसन. माह्या गाडीत दोन जीव आहेत. गाडी सरकवा, नाई तर मी सरकवतो."

गाड्या सरकल्या. वाघीण कशी होती मी बघितली नाही. मी वैशालीचं तोंड बघत होते. ती डोळे मिटत होती आणि मी तिला चिमटे काढत होते.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ताप कधी उतरला?"

"आज सकाळी."

"मग हीच वेळ जपायची असते, आजी."

मला हे माहीत होतं. मला डेंगू झाला तेव्हा सांगितलं होतं. पण माझा ताप उतरला आणि मी उठून बसले, भाकर मागितली. मला वाटलं सगळ्यांचं तसंच होतं. तसं नसतं. ही गोष्ट पहिली लिहून ठेवते, कारण पुढचं कोणी वाचलं नाही तरी एवढं वाचावं. डेंगूत ताप गेला की माणूस बरा झाला असं धरायचं नाही. पोट दुखलं, ओकारी थांबली नाही, कुठूनही रक्त आलं, हातपाय थंड पडले, लघवी कमी झाली, माणूस गुंगीत गेला, तर पेज शिजवत बसायचं नाही. गाडी बोलवायची.

आधी मला झाला

मी चौथी शिकलेली आहे. आम्ही बुरड. बांबू फोडायचा, कमच्या म्हणजे पातळ पट्ट्या काढायच्या, टोपल्या, सुपं, परड्या विणायच्या, हेच काम माझ्या आईचं, सासूचं आणि माझं. मालक वारले त्याला बरीच वर्षं झाली. घरामागं वाडी आहे. वाडीत दोडके, वाल, कारली, चार मिरच्या. वाडीच्या कोपऱ्यात बांबू भिजवायचा सिमेंटचा हौद आहे. बांबू भिजला नाही तर कमची मोडते.

पोळा झाला आणि मला ताप भरला. डोळ्यांच्या मागं कोणी अंगठे दाबावेत तसं दुखायचं. हाडं दुखायची. मी ताप पुष्कळ बघितलेत. आमच्या भागात मलेरिया घरोघरी होऊन गेलेला असतो. मला वाटलं तोच. गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई आली, तिनं बोट टोचून बघितलं, मलेरिया नाही म्हणाली. मग तालुक्याला नेलं. तिथं रक्त तपासलं आणि डेंगू निघाला.

मनोजनं विचारलं, "मरते का माणूस यानं?"

माझ्यासमोरच विचारलं. कंपाउंडर हसला. म्हणाला, "बुढी टिकते. तुम्ही पाणी पाजत राहा." मी मनात म्हटलं, टिकले तर बरं, नाही टिकले तरी पोरगा कमावता आहे. माझ्या मरणाची मला तेवढी भीती नाही वाटली. हे खोटं सांगत नाही. माझं वय झालं आहे. भीती काय असते ते मला पुढं कळलं.

त्याच आठवड्यात वैशालीची आई तिला न्यायला येणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. वरोऱ्याकडचं गाव आहे त्यांचं. पण मी अंथरुणाला खिळले, आणि घरात तिसरं माणूस नाही. वैशालीच म्हणाली, "माय उठून बसली की जातो." मी जा म्हटलं नाही. मला ती हवी होती. तिच्या हातची पेज हवी होती.

घरात पत्र्याखाली उकडायचं म्हणून दिवसभर माझी खाट वाडीत टाकायचे, दोडक्याच्या मांडवाखाली. तिथं सावली गार. रात्री मी आत झोपायचे, मच्छरदाणी लावून. दिवसा लावली नाही. दिवसा कोण मच्छरदाणी लावतं? वैशाली शेजारी पाटावर बसून मला पाणी पाजायची, पाय दाबायची. तिचे पाय उघडेच असायचे.

हा डास दिवसा चावतो. आजारी माणसाला चावला की आठ-दहा दिवसांनी तोच डास दुसऱ्याला आजार देतो. मला हे सांगितलं होतं का, मला आठवत नाही. तापात माणूस सगळं ऐकतो आणि काही ऐकत नाही. डेंगूचं माणूस असेल तर दिवसा मच्छरदाणी लावा. त्याच्यासाठी नाही, घरातल्या बाकीच्यांसाठी लावा.

मी उठले. आठवडा बरा गेला. वैशालीची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. तेवढ्यात ती म्हणाली, "माय, डोळ्याच्या मांगं दुखून राह्यलं."

मी पिशवी दारापासून आत घेतली.

वॉर्ड

तिला बायकांच्या वॉर्डात खिडकीपाशी खाट मिळाली. खाटेवर मच्छरदाणी, हाताला सलाईन. सकाळ-संध्याकाळ रक्त काढायचे. पेशी किती, हा एकच प्रश्न सगळ्या वॉर्डात. बायका एकमेकींना भाव विचारावा तसं विचारायच्या, "तुमच्या किती झाल्या जी?" वाढल्या म्हटलं की ऐकणारीचं तोंड पडायचं, कारण तिच्या माणसाच्या घटलेल्या असायच्या.

माझं काम म्हणजे किती पाणी प्यायली आणि लघवी किती झाली हे सिस्टरला सांगायचं. हे काम मला आवडलं. करायला काही असलं की डोकं शांत राहतं. लघवी कमी झाली की मी भांडं पुन्हा पुन्हा बघायचे. जास्त झाली की मी पेढे मिळाल्यासारखी सिस्टरकडे धावत जायचे. सिस्टर हसायची. "आजी, हळू. पडाल तर तुम्हाले कुठी ठेवू? खाट नाई रिकामी."

बाळाचे ठोके दिवसातून काही वेळा बघायचे. पहिल्या दिवशी सिस्टर पोटावर यंत्र फिरवत राहिली आणि नुसती खरखर. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. वैशाली माझ्याकडे बघत होती. मी वर पंख्याकडे बघितलं. मग एकदम आवाज आला, भरभर, सुपात तांदूळ पाखडावे तसा. सिस्टर म्हणाली, "हे घ्या, आहे." मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

कोणी म्हणालं पपईच्या पानाचा रस द्या, पेशी वाढतात. मनोज कुठूनतरी पानं घेऊन आला, रस काढला. वैशालीनं एक घोट घेतला आणि सगळं बाहेर ओकली. डॉक्टरीण बाई मनोजवर ओरडल्या, पोटुशी बाईला न विचारता काही द्यायचं नाही म्हणून. दुखतं म्हणून दुकानातून गोळ्याही आणायच्या नाहीत, काही गोळ्यांनी रक्त वाहतं. मनोज मान खाली घालून उभा. एवढा मोठा बाप्या, हातात हिरवा पेला. मला त्याची दया आली आणि रागही आला.

खाली जमिनीवर आम्ही बायका झोपायचो. जिवती तालुक्याकडची एक बाई होती, तिची पोरगी शेजारच्या खाटेवर. तिला मराठी थोडी, मला तिची भाषा काहीच नाही. पहिल्याच दिवशी माझे अनवाणी पाय बघून तिनं पिशवीतून चपला काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. स्वतः तशीच फिरली. मी नको म्हटलं तर तिनं हातानं सांगितलं, फरशी ओली आहे.

इहीनबाई

दुसऱ्या दिवशी वैशालीची आई आली. आम्ही तिला इहीनबाई म्हणतो, ती मला तसंच म्हणते. तिनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्याशी गोड बोलली. मग मला व्हरांड्यात घेऊन गेली.

"मी न्यायला येत होतो ना, इहीनबाई?"

"हो."

"तुम्ही काऊन नाई जाऊ देली?"

"मी आजारी होते."

"अन् आता ते आजारी आहे. तुमचं मन भरलं?"

मी म्हटलं, "तुम्ही बरोबर बोलता."

तिला भांडायचं होतं. मी भांडले नाही म्हणून ती आणखी चिडली. "तुमच्या घरात माणसाले कमी अन् बांबूले जास्त जपतात. त्या हौदात वर्षभर पाणी भरून ठेवता. डास नाई होईन तर काय मोर होतीन?"

हौदाचं मात्र मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे आहेत. आशाताईनं बघितला. एक अळी दाखवा."

"दाखवतोच," ती म्हणाली.

आणि खरंच ती आमच्या घरी गेली. घर बघायला, डबा करायला कोणीतरी हवंच होतं. दुसऱ्या दिवशी मी अंघोळीला घरी गेले तेव्हा इहीनबाई हातात बॅटरी घेऊन वाडीत वाकून वाकून फिरत होती. शेजारून नजमाभाभी कुंपणावर हात ठेवून बघत होती.

"सकाळधरनं शोधून राहिली तुमची इहीन," भाभी मला म्हणाली. "मेरे घर का मटका भी देख लिया. बोली, उलटा करा."

"केला ना मंग?" इहीनबाई तिकडून म्हणाली.

"किया बाबा. तुमसे कौन झगडेगा?"

इहीनबाईनं हौद बघितला. पाणी बांबूमुळं तांबूस असतं, पण अळी नाही. मासे वर येऊन तोंड उघडत होते. पिंप बघितलं, त्यावर फडकं बांधलेलं. कोंबड्यांचं पाण्याचं टोपलं बघितलं, ते वैशाली रोज घासायची. नारळाच्या करवंट्या, फुटकी घमेली, जुना टायर, काही नव्हतं. आशाताई सांगते ते सगळं आम्ही केलेलं होतं. मी म्हटलं, "बघितलं?"

तिनं बॅटरी बंद केली. डब्यात भाजी हवी म्हणून दोडका तोडायला मांडवाकडे गेली. दोडका वर होता. तिनं वेल ओढला. वेल येईना, म्हणून एका हातानं खांब धरला आणि दुसऱ्यानं हिसका मारला. खांब वाळवीनं खाल्लेला. तो तिच्या अंगावर कलला आणि त्याच्या तोंडातून पेलाभर काळं पाणी तिच्या डोक्यावर सांडलं.

"अव माय! कोण टाकलं व पाणी?"

मी जवळ गेले. तिच्या बाहीवर पाण्याबरोबर काहीतरी वळवळत होतं.

"हलू नका," मी म्हटलं.

"काऊन? साप आहे?"

"साप परवडला असता."

बाहीवर अळ्या होत्या. बारीक, काळ्या, आकड्यासारख्या वाकणाऱ्या. खांद्यावर होत्या, केसांत होत्या. नजमाभाभीनं तोंडावर हात ठेवला.

मी स्टूल आणलं. भाभी कुंपणातून आत आली, तिनं मला धरलं. पुढच्या खांबाच्या तोंडात बोट घातलं. पाणी. त्याच्या पुढच्यात घातलं. पाणी. एकातून डास उडाला, पायांवर पांढरे पट्टे असलेला, आणि माझ्या कानाजवळून गेला.

आमची कापायची रीत

इतर कोणाच्या वाडीत असं झालं नसतं. त्यांचे खांब लाकडाचे असतात, नाहीतर लोखंडाचे. आमचे बांबूचे, आणि ते आम्ही कापलेले.

बांबू पोकळ असतो. गाठीपाशी आत पडदा असतो, म्हणजे दोन गाठींमधला तुकडा हा बुडाचा पेलाच झाला. मांडवाचा खांब कापताना आम्ही गाठीवर कापत नाही. गाठीच्या वर वीतभर राखून कापतो. त्या राखलेल्या भागाला खाच पाडायची आणि खाचेत आडवा बांबू बसवायचा. मग तो घसरत नाही, आणि खाली गाठ असल्यामुळं खांब चिरत नाही. सासूनं मला असंच शिकवलं. काम म्हणून ते बरोबर आहे. पण खाचेच्या खाली चार बोटं पेर उरतं, आणि त्यात पावसाचं पाणी राहतं. वर वेलाची पानं, ऊन लागत नाही, पाणी सुकत नाही. कुंपणाच्या खांबांना तर खाचही नाही. ते वीतभर भरलेले.

वाडीमागच्या बांबूच्या बेटातही तेच निघालं. माझे गुडघे वाकत नाहीत म्हणून मी बांबू खालून न कापता कमरेइतका वरून कापते. तसे कितीतरी बुंधे उभे होते, प्रत्येकाच्या डोक्यावर वाटी.

हयात बांबूत गेली. बांबूकडे बघून मला टोपली दिसते, सूप दिसतं, किती कमच्या निघतील ते दिसतं. त्याच्या तोंडात पाणी असेल हे मनात आलं नाही. आशाताई बॅटरी घेऊन यायची ती खाली बघायची. मीही तिच्याबरोबर खालीच बघायचे. आणि त्याच मांडवाखाली माझी खाट होती. वैशाली तिथंच पाटावर बसायची.

इहीनबाई डोकं पुसत माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "कोयता कुठी आहे?"

आम्ही काय केलं

वैशालीपाशी जिवतीच्या बाईला बसवून मनोज संध्याकाळी आला. त्याला दाखवलं तर त्यानं कुऱ्हाड घेतली आणि मांडव पाडायला निघाला. "जाळून टाकतो सगळं. तुह्या बांबूनं माह्या बायकोले खाल्लं."

"तुकडे करशील तर तुकड्यातुकड्यात पाणी साचेल," मी म्हटलं. "मनोज, गाठीवर काप. गाठ वर राहू दे, म्हणजे वाटीच राहणार नाही."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू सांगू नको."

पण कापले त्यानं गाठीवरच. आधी प्रत्येकातलं पाणी कोरड्या मातीवर ओतलं. कोरड्या मातीत अळ्या मरतात, नालीत ओतल्या तर जगतात. आडवे बांबू खाचेत बसवता येईनात म्हणून ते तारेनं बांधले. जे खांब कापता येत नव्हते त्यांच्या तोंडात आम्ही बायकांनी रेती भरली आणि वर शेणमातीचा गोळा थापला. रेती काठोकाठ भरायची, अर्धी भरली तर उपयोग नाही. शेणमाती पावसानं धुऊन जाते, ती पुन्हा लावावी लागते. काही खांबांना गाठीच्या वर बाजूनं भोक पाडलं, पाणी आत राहू नये म्हणून. बेटातले बुंधे जमिनीलगत गाठीवर कापले. गुडघ्यांचं जे व्हायचं ते झालं. नजमाभाभीनं तिच्या बाजूचं कुंपण स्वतः केलं, मला हात लावू दिला नाही.

हौद तसाच आहे. गप्पी मासे आरोग्य केंद्रातून मिळतात. ते हौदात, टाक्यात सोडायचे, नदीत-तळ्यात नाही. मासे आहेत म्हणून हौदाकडे बघायचंच नाही असं करू नका. बांबू जास्त दिवस कुजला की पाणी घाण होतं आणि मासे मरतात. मेले की आठवड्यात अळ्या. बाकी सगळी भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासायची. नुसती ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात, ती सुकली तरी मरत नाहीत.

तुळस, झेंडू, गवती चहा लावून डास जातात असं बायका म्हणतात. लावा. तुळशीचा काढा होईल, झेंडू दसऱ्याला कामी येईल. पाण्यातली अळी त्यानं मरत नाही. कडुलिंबाचा धूर केला की डास थोडा वेळ बाजूला होतात आणि धूर गेला की परत येतात. पाणीच राहू द्यायचं नाही, हाच उपाय. आणि बघताना फक्त खाली बघू नका. स्टूल घ्या.

घरी

वैशालीच्या पेशी आधी घटत गेल्या, मग एका सकाळी थांबल्या, मग वाढायला लागल्या. ती उठून बसली आणि म्हणाली, "मले तिखट खायचं आहे." जिवतीच्या बाईनं आपल्या पोरीच्या ताटातली मिरची काढून दिली. त्यांची पोरगी आमच्या आधी घरी गेली. चपला मी परत देत होते, त्या बाईनं घेतल्या नाहीत.

डिस्चार्ज देताना डॉक्टरीण बाई म्हणाल्या, बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करायचं, वाट बघायची नाही, आणि बाळ हललं नाही असं वाटलं तर तसंच निघायचं. वैशाली माहेरी गेली नाही. इहीनबाईच आमच्याकडे राहिली. दोन म्हाताऱ्या आणि एक पोटुशी. मनोज माझ्याशी कामापुरतं बोलायचा. त्याचं मी मनावर घेतलं नाही असं लिहीत नाही. घेतलं.

ते दिवस दवाखान्यापेक्षा वाईट गेले. दवाखान्यात विचारायला माणूस असतं. घरी मीच. तिनं डोळे चोळले की मला वाटायचं, परत. ती झोपली की मी छातीकडे बघत बसायचे. दिवसातून किती वेळा तिला विचारायचे, हललं का, हललं का. एकदा ती वैतागली.

"माय, तुमी विचारता म्हणून ते घाबरून चूप बसते."

इहीनबाई हसली. मीही हसले, आणि तासाभरानं पुन्हा विचारलं.

दिवाळीच्या आधी, दिवस भरायचे बाकी होते तेव्हा, दुपारी तिला कळा आल्या. लवकर होतं. पुन्हा तोच रस्ता. या वेळी मी चपला घातल्या होत्या. दवाखान्यात तिला आत नेलं आणि आम्ही तिघं बाकावर बसलो. इहीनबाई माझ्या शेजारी, मनोज तिच्या पलीकडे. आतून वैशालीचा आवाज यायचा, मग यायचा नाही. न येण्याची मला जास्त भीती वाटायची. एकदा सिस्टर घाईनं बाहेर आली आणि काही न सांगता दुसऱ्या खोलीत गेली. मनोज उठला, दारापर्यंत गेला, परत आला आणि माझ्या बाजूला बसला. त्यानं माझा हात धरला नाही. नुसता बाजूला बसला.

मग डॉक्टरीण बाई आल्या. मुलगी झाली होती. लहानखुरी होती, रडायला तिनं वेळ घेतला, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली. वैशालीचं रक्त गेलं, तिला दोन बाटल्या चढवल्या. त्यानंतर दोघी घरी आल्या.

डेंगू आम्हा दोघींना, सासू-सुनेला, झाला होता. जगलो तिघी.